आम्हाला दिलेला धंदा

मला कोणी काही दिलं की मी आधी आभार मानतो आणि मग काय दिलंय ते बघतो. ही खोड मला कुठं लागली ते मी सांगू शकतो. त्याला आता बरीच वर्षं झाली. माझे केस पिकले, राग मात्र पिकला नाही, कच्चाच राहिला. म्हणून लिहायला बसलो. सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाचं लिहिणं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, असं आधी लिहिलं होतं. मग खोडलं. कशाला सांभाळून घ्यायचं? आहे तसं वाचा.

आमचं गाव परभणीच्या पुढं. माझा आजा गावचा येसकर आणि तरुणपणी काही वर्षं माझा बासुद्धा. गावाचे निरोप पोचवायचे, वेशीवर राबायचं आणि कुणाचं जनावर मेलं की दोर लावून ते ओढून न्यायचं, सोलायचं. बदल्यात सुगीला धान्याच्या चार पेंढ्या आणि रोजच्या शिव्या. आम्ही बौद्ध झालो त्या साली बानं तो दोर नदीत सोडून दिला. मी तेव्हा रांगत होतो, हे सगळं ऐकलेलं. पाटलाचा बैल मेला, माणूस बोलवायला आला, बा म्हणाला, आता ते काम आमच्याकडं नाही. बैल चार दिवस तिथंच कुजला. वासानं गाव हैराण झालं तेव्हा त्यांनी आमचं दळण बंद केलं, वाण्याचं दुकान बंद केलं, रानात कामाला बोलवणं बंद केलं. आई सांगायची की त्या उन्हाळ्यात आम्ही अंबाडीची भाजी आणि पाणी यावर काढले दिवस. बा हटला नाही.

त्यानं मला एक गोष्ट लहानपणीच शिकवली. कुठं काही लिहून द्यायची वेळ आली, तर लपवायचं नाही. काय होतो ते लिहायचं आणि पुढं लिहायचं, सोडलं. माझं नाव शाळेत घालताना मास्तरांनी बापाचा धंदा मजुरी असा लिहिला, तर बानं त्यांना हात जोडून ते बदलायला लावलं. मजुरी तर सगळेच करतात, म्हणाला. आम्ही काय सोडलं ते कुठंतरी लिहिलेलं राहू द्या.

सत्तरचं दशक संपत आलं असताना विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात कोणी विद्यापीठ बघितलेलं नव्हतं. ना जाळणाऱ्यांनी, ना आम्ही. पण आमची वस्ती जाळायला आलेल्यांत जे ओरडत होते ते नावाबद्दल ओरडतच नव्हते. ढोरं ओढायला लाज वाटते काय रे आता, असं ओरडत होते. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तो कुजलेला बैल त्यांच्या नाकातून गेला नव्हता. त्यातल्या एकाच्या लग्नात बानं मांडवाचे खांब रोवले होते. आमचं घर गेलं, दोन शेळ्या गेल्या, बायकोची लुगड्यांची पेटी गेली. माणसं वाचली. वाचली याबद्दल आभार मानायचे म्हटले तर ते पळालेल्या पायांचे मानावेत.

बायकोला आणि मुलीला मी तिच्या माहेरी जालन्याकडं पोचवलं आणि इकडं आलो. चिंचवड स्टेशनजवळच्या वस्तीत माझी थोरली बहीण, अक्का, राहायची. दाजी एका कंपनीत हेल्पर होते. दहा बाय दहाची खोली, त्यात त्यांची तीन लेकरं आणि वर मी. अक्का कधी काही बोलली नाही. दाजी बोलायचे, पण हसत बोलायचे. पाव्हणं, तेवीस वर्षांचा घोडा झालास, आता तूच सांग, तुला दत्तक घेऊ का भाड्यानं ठेवू? मीही हसायचो. दुसरी भाकरी मात्र मागायचो नाही.

काम लवकर मिळालं. एका शेडमध्ये कंपन्यांसाठी बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ब्रॅकेट यायचे, त्यांची धारदार कड, जिला तिथं बर म्हणतात, ती कानशीनं घासून काढायची. दिवसभर कानस. संध्याकाळी जेवताना घास तोंडात जाईस्तोवर हात थरथरायचा. शेडचे मिस्त्री निघोज्याचे, साठीकडं झुकलेले, सायकलवरून यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून कानस काढून घेतली आणि म्हणाले की तू हिला मारतोयस, हिला चालव. पुढं ढकलताना जोर, मागं आणताना उचलून. एवढं सांगायला त्यांनी आपली अर्धी शिफ्ट घालवली. माझी जात त्यांनी विचारली नाही. माहीत असणारच, पण विचारली नाही. या माणसाचे आभार मी मरेपर्यंत मानीन आणि ते मानताना मला मान खाली घालावी लागत नाही.

त्या मिस्त्रींनीच एक दिवस मला सांगितलं की ब्रॅकेटला भोकं पाडायचं काम मालक बाहेर देतो. माझ्याकडं स्वतःचं एक बेंच ड्रिल असलं, तर शेडच्या मागच्या कोपऱ्यात लावायला ते मालकाशी बोलतील. जॉब, म्हणजे कामाचा माल, इथंच मिळेल, ने-आण नाही. मग खोली घेता येईल, बायको-मुलीला आणता येईल. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. झोपेतसुद्धा हात ड्रिलचा दांडा खाली ओढायचा, असं अक्काची पोरं सांगायची.

आणि नेमकी तेव्हाच ती योजना आली.

दंगलीत घरं गेलेल्या तरुणांना धंद्याचं शिक्षण, धंद्याची हत्यारं आणि वर थोडं अनुदान. आमच्यासारखे गाव सोडून आलेले बरेच जण या पट्ट्यात होते, त्यांच्यासाठी चिंचवडातच एक केंद्र उघडलं होतं. मी विहारात ही बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून गेलो. अर्ज चार पानी. इच्छित व्यवसाय, या रकान्यात मी लिहिलं, ड्रिल मशीनवर भोकं पाडणे. त्याच्या खाली रकाना होता, पारंपरिक व्यवसाय. माझ्या शेजारी हिंगोलीकडचा एक तरुण बसला होता. त्यानं तिथं रेघ मारली. मला म्हणाला, भाऊ, रिकामं सोडा, त्याच्यात काय पडलंय. पण मला बा आठवला. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, येसकरकी, मेलेली जनावरं ओढणं व सोलणं, हे काम आमच्या घरानं बौद्ध झाल्यापासून सोडलेलं आहे. लिहिताना छाती फुगली होती. एवढा चांगला अर्ज मी आयुष्यात भरला नव्हता.

महिन्यानं पत्र आलं. निवड झाली होती. चर्मकाम, तीन महिने.

मी पत्र दाजींकडं वाचायला दिलं, मला वाटलं मी चुकीचं वाचतोय. दाजींनी वाचलं आणि म्हणाले, घ्या, आता आमच्या सगळ्यांच्या चपला फुकट. अक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की ते उठून बाहेर गेले.

केंद्रावर मी साहेबांना भेटलो. आता इथं मला न्याय करायचा आहे. हे साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. माझ्या गावाची चौकशी केली, अरेरे म्हणाले आणि ते अरेरे खोटं नव्हतं. मग त्यांनी माझा अर्ज काढला. रकान्यातल्या माझ्या ओळीखाली लाल रेघ होती, पण अर्धीच. सोलणं या शब्दापाशी रेघ संपली होती. पुढचं कोणी वाचलंच नव्हतं.

मी म्हणालो, साहेब, ते सोडलेलं आहे. ते म्हणाले, हो, पण कसब कुठं जातं? रक्तात असतं. परंपरेचं काम असलं की माणूस लवकर उभा राहतो, वरून तसंच धोरण आहे. मशीनच्या जागा भरल्या आता. आणि मशीनला अनुभव लागतो.

माझ्या तळहाताला कानशीचे घट्टे होते. मी तो हात टेबलावर उलटा करून ठेवला असता तर? नाही ठेवला. मी म्हणालो, आभारी आहे साहेब. खुर्चीवरून उठून म्हणालो. जिन्यावरून खाली आलो तेव्हा मला कळलं की आपण काय बोललो. हिंगोलीच्या त्या तरुणाला, रेघ मारणाऱ्याला, वायरिंगचा वर्ग मिळाला होता.

नाही म्हणायची हिंमत का झाली नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. तिकडं गावात घर बांधायची मदत अजून यायची होती. बा अर्ध्या जळक्या भिंतींवर पत्रे टाकून राहत होता. आपण इकडं तोंड वर केलं तर तिकडचा कागद अडेल, अशी भीती. कुणी तसं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नसते. घर जळालेला माणूस प्रत्येक टेबलापुढं वाकूनच उभा राहतो आणि टेबलापलीकडच्याला वाटतं की हा किती नम्र आहे.

तर सकाळी चर्मकाम आणि दुपारपासून शेडमध्ये सेकंड शिफ्ट, असं सुरू झालं. चर्मकामाचा वर्ग चिंचवडगावात, जुन्या धान्याच्या गोदामामागं. आम्ही आठ जण, सगळे मराठवाड्यातले, सगळे बौद्ध. शिकवणारे मास्तर महाळुंग्याचे, पिढीजात जोडे शिवणारे, चाकणच्या बाजारात त्यांची बैठक होती. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला रांगेत बसवलं, एकेकाचा हात बघितला, गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"अरं, तुमी कवा चपला शिवल्या? तुमच्यात सोलायचं काम, ते बी सोडलं म्हंता. कातडं कमावणारं येगळं, शिवणारं आमी. या सायबाला येवढं बी म्हाईत न्हाई, आन् हा तुमचं पुनर्वसन करतोय व्हय?"

आम्ही हसलो. हसताना मला रडू येईल की काय असं वाटलं. मास्तर पुढं म्हणाले की तुम्ही आठ जण शिकून चाकणच्या बाजारात माझ्या शेजारी बसणार, मग माझा धंदा बुडणार, मग साहेबाला माझंही पुनर्वसन करावं लागणार. तेव्हा मला बहुतेक कीर्तन शिकवतील.

पण शिकवलं त्यांनी मन लावून. रापीनं, म्हणजे त्यांच्या त्या रुंद पात्याच्या सुरीनं, कातडं एका ओढीत कसं कापायचं. आरीनं भोक पाडून दोरा दोन्हीकडून कसा ओवायचा. त्यांच्या हातात कोल्हापुरीचा तळ असा फिरायचा की बघत राहावं. माझा राग कातड्यावर नव्हता, हे इथंच सांगतो. त्यांचं काम त्यांचा अभिमान होता. माझा अभिमान दुसरीकडं होता आणि तो कुणीतरी लाल रेघ मारून अर्ध्यात तोडला होता. मास्तरांना ते कळलं. एकदा त्यांनी माझ्या तळहातावरचे घट्टे बघितले, विचारलं कसले, मी सांगितलं. ते म्हणाले की हे हात लोखंडाचे हायत, इथं कशाला आणून टाकले. आणि शिव्या दिल्या, कुणाला ते सांगत नाही.

शेडमध्ये मिस्त्री विचारायचे, मशीनचं काय झालं? मी म्हणायचो, होतंय. बाला मी अंतर्देशीय पत्र टाकायचो, त्यात लिहायचो की मशीनचं शिकतोय. गावात ते पत्र कुणीतरी वाचून दाखवायचं. एकदा बाचं उलट पत्र आलं, दुसऱ्याच्या अक्षरात. तुझं मशीनचं ऐकून बरं वाटलं. आता मी पाटलाच्या दारावरून जाताना खोकतो. खोकतो म्हणजे मुद्दाम. हे वाचून मी ते पत्र खिशात ठेवलं आणि त्या दिवशी वर्गात रापी माझ्या अंगठ्यात गेली.

हत्यारं वाटायचा कार्यक्रम ठरला. मोठा मांडव, खुर्च्या, पाहुणे, हार. आदल्या दिवशी केंद्रातल्या क्लार्कनं मला बाजूला घेतलं. तुझं बोलणं स्वच्छ आहे, सगळ्यांच्या वतीनं आभार तू मानायचे, म्हणाला आणि चिठ्ठी हातात दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं की आम्ही निराधार झालो होतो, आम्हाला आमच्या पायांवर उभं केलं, आमच्या पूर्वजांचं कौशल्य आम्हाला परत मिळवून दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी व्यासपीठाच्या बाजूला रांगेत उभा असताना मांडवाच्या मागच्या टोकाला मला एक पटका दिसला. बा होता. अक्कानं त्याला कळवलं होतं आणि तो रात्रभर एसटीत बसून आला होता. धोतर धुतलेलं, हातात कापडी पिशवी. बसायला खुर्ची होती तरी तो उभाच होता. मान उंच करून व्यासपीठावर मशीन कुठं दिसते का ते बघत होता.

माझं नाव पुकारलं. मी वर गेलो. रिबीन बांधलेली रेग्झिनची बॅग माझ्या हातात दिली, फोटो काढला. मग मी माइकसमोर उभा राहिलो आणि चिठ्ठी वाचली. सगळी वाचली. पूर्वजांचं कौशल्य हे शब्दसुद्धा वाचले, आवाज न थरथरता. टाळ्या झाल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजही एखाद्या कार्यक्रमात कुणी गरीब माणूस असा उभा राहून आभार मानताना दिसला की मला उठून त्याच्या हातातली चिठ्ठी फाडावीशी वाटते. का उभं करता आम्हाला असं? घर जाळणाऱ्यांना कुणी माइकसमोर उभं केलं नाही. त्यांना कुणी चिठ्ठी लिहून दिली नाही. त्यांना एक वाक्य बोलावं लागलं नाही, एका ओळीची माफी नाही आणि आम्ही मात्र आभार मानायचे, तेही हसतमुखानं, फोटो चांगला यावा म्हणून.

मांडवाबाहेर लिंबाखाली बानं बॅग उघडली. मी अडवलं नाही. रापी, आरी, हातोडी, जोडा चढवायचा लोखंडी फर्मा, मेणाचा गोळा. त्यानं रापी हातात घेतली, पात्याला अंगठा लावला. ती त्यानं अशी धरली की मला कळलं, या हातानं असं पातं पूर्वी धरलं आहे. मला वाटलं, आता हा मला जोड्यानं मारेल. मारावं, अशी माझी इच्छा होती.

त्यानं अंगठा धोतराला पुसला. मग त्यानं रापी बॅगेत ठेवली.

"घे," तो म्हणाला. "चपलाच शिवायच्या हायत नं. मेलेलं ओढायचं तर नाही. पोटाला काय कळतंय, लेकरा."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. हा तोच माणूस होता. गावानं दळण बंद केलं तेव्हा हा वाकला नव्हता. घर जळताना हा वाकला नव्हता, जळक्या भिंतींवर पत्रे टाकून त्याच जागी राहिला होता. याला पाटील वाकवू शकला नाही. रिबीन बांधलेल्या एका बॅगेनं वाकवलं. आगीनं जे झालं नाही ते मदतीनं झालं. त्या क्षणी मला जो राग आला तसा राग मला घर जळतानाही आला नव्हता. तेव्हा भीती होती. लिंबाखाली भीती नव्हती, नुसता राग होता आणि त्यात मी स्वतःही होतो, कारण पहिलं आभारी आहे मीच म्हटलं होतं.

मी बाला म्हणालो, उद्या मी हे परत करणार. तो नाही म्हणाला. घराची मदत अडेल म्हणाला. बायको-लेकीला किती दिवस माहेरी ठेवणार म्हणाला. संध्याकाळी अक्काच्या खोलीत दाजीपण तेच म्हणाले, या खेपेला न हसता. पाव्हणं, बॅग नका देऊ, वाटलं तर ती विकू आपण. अक्का भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली की ज्याला जे करायचंय ते त्यानं करावं, पण जेवून करावं.

सकाळी मी बॅग घेऊन निघालो तर बासुद्धा उठला. मी म्हटलं तुम्ही कशाला, तर म्हणाला, साहेब रागावले तर मी त्यांच्या पाया पडेन, तुला जमणार नाही. हे त्यानं मला अगदी साधेपणानं सांगितलं, जसं पाऊस आला तर छत्री उघडीन म्हणावं तसं.

साहेबांनी दोघांना खुर्च्या दिल्या. बॅग टेबलावर ठेवून मी म्हणालो की हे काम माझं नाही, मला नको. माझा आवाज चोरट्यासारखा निघाला. साहेब रागावले नाहीत. ते समजावू लागले. परत केलं तर लाभ नाकारला अशी नोंद होईल, पुन्हा कुठल्याच योजनेत नाव येणार नाही. जोश कामाचा नाही. मग ते माझ्याकडून बाच्या दिशेनं वळले आणि आदरानं, अगदी वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "बाबा, तुम्ही समजवा याला. तुम्हाला तर हे काम माहीत आहे. तुमच्या हातात ते पिढ्यान् पिढ्या आहे. ते असं वाया घालवायचं का?"

बा खुर्चीच्या टोकावर बसला होता, पाय जमिनीला टेकतील इतपत. तो पाया पडायला आला होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही, मला ते बघायचं नव्हतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उभा राहिला होता. त्यानं बॅगेची चेन उघडली आणि एकेक वस्तू काढून साहेबांच्या टेबलावर मांडली. फर्मा, हातोडी, आरी. शेवटी रापी, मूठ साहेबांकडं करून.

"हातात होतं, म्हनून तर टाकलं," तो म्हणाला. "काहून टाकलं ते तुम्ही इचारलंच नाही."

साहेब म्हणाले, तसं नव्हे बाबा, तुमचा गैरसमज होतोय. बा म्हणाला, बरं. आणि दाराकडं गेला. मी मागं राहिलो, कारण क्लार्कनं कागद पुढं केला होता. त्यात लिहिलं होतं की लाभार्थी स्वखुशीने लाभ नाकारत आहे. मी म्हटलं, स्वखुशीनं हा शब्द काढा. क्लार्क म्हणाला की छापील आहे, काढता येत नाही. मग सही करता येत नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, सही नाही तर बॅग परत घेता येत नाही. मी म्हटलं, बॅग टेबलावर आहे, मी निघालो. आणि निघालो. जिन्याचा कठडा धरून उतरलो. हे धाडस होतं असं कुणी म्हणू नये. बा पुढं चालत होता, मागं राहायची लाज वाटली, एवढंच.

घराची मदत अडली का? अडली नाही, पण पुरती आलीही नाही, निम्मी आली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही ते मला कधी कळलं नाही. न कळणं हीच त्यातली शिक्षा. बा त्याच दिवशी गावी गेला. एसटीच्या खिडकीतून त्यानं एकच विचारलं, मशीन किती मोठी असते? मी हातानं उंची दाखवली. गाडी सुटली.

मिस्त्रींना मी सगळं सांगितलं. खोटं बोलल्याबद्दल ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मालकाकडं गेले. शेडमध्ये एक बिघडलेलं ड्रिल पडून होतं, बेअरिंग गेलेलं. मिस्त्रींनी आणि मी रविवारी येऊन ते खोललं, दुरुस्त केलं. मालकानं त्याचं भाडं कापून जॉब द्यायचं कबूल केलं. सगळं हळू झालं. बायको-मुलीला आणायला अजून दीड वर्ष लागलं. मुलगी मला बघून आईच्या मागं लपली, तिनं मला ओळखलं नाही. त्या दीड वर्षाचा हिशेब कुठल्या रकान्यात भरतात?

आणि मग एक दिवस, तेव्हा ऐंशीचं साल मागं पडलं होतं, मी ड्रिलवर काम करत असताना शेडच्या दारात सायकल थांबली. बगलेत फाइल घेतलेला माणूस आत आला. त्यानं माझं नाव घेतलं आणि विचारलं की चपलांचं दुकान कुठं आहे? मी म्हटलं, कसलं दुकान? तो म्हणाला की योजनेच्या यादीत तुमचं नाव आहे, हत्यारं मिळाली अशी नोंद आहे, भाषणाचा फोटो आहे, आता धंदा कसा चाललाय त्याची पाहणी करायची आहे. परत केल्याची नोंद त्याच्याकडं नव्हतीच. सही नव्हती ना माझी. त्यानं शेड बघितलं, ड्रिल बघितलं, लोखंडाचा कीस बघितला. मग घाम पुसला आणि समजुतीनं म्हणाला, "भाऊ, मी धंदा चालू आहे असं लिहितो. तुम्हालाही त्रास नाही, मलाही नाही. इथं सही करा."

मी ब्रॅकेट शिकंज्यात घट्ट केला आणि दांडा खाली ओढला. भोक पूर्ण झाल्यावर त्याच्याकडं बघून म्हणालो, चालू नाही, कधीच नव्हता, सही मिळणार नाही. तो उन्हातून आला होता. आमच्यात दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. मिस्त्रींनी त्याला पाणी दिलं, चहा मागवला, स्टूल पुढं केलं. मी पुढचा ब्रॅकेट लावला. त्याला मी बसा म्हटलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस शेडच्या दारात कुणाचीही सायकल थांबली की माझा हात दांड्यावर थबकायचा.